व्हाल नदीचा पिवळा मासा

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात एक विस्तीर्ण पठार आहे. दख्खनच्या पठाराप्रमाणेच ते उंच, उघडे व खडकाळ आहे. मात्र एक फरक आहे. गोदावरी आणि कृष्णा या नद्या पश्चिमेस उगम पावून पूर्वेकडे वाहतात; त्या पठारावरील मोठ्या नद्या पूर्वेस उगम पावून पश्चिमेकडे अटलांटिक महासागराची वाट धरतात. त्यांतील सर्वांत मोठी नदी ऑरेंज. हे नाव ऐकून संत्र्याची आठवण होते. परंतु त्या फळाशी नदीचा काहीएक संबंध नाही. रॉबर्ट गॉर्डन नावाच्या अधिकाऱ्याने १७७९ साली हॉलंडच्या ऑरेंज राजघराण्याच्या सन्मानार्थ हे नाव दिले. तेथील मूळचे खोई लोक मात्र तिला ‘गरीप’ म्हणत असत. या ऑरेंज नदीला उत्तरेकडून येऊन मिळणारी तिची मोठी उपनदी म्हणजे व्हाल. ‘व्हाल’ या शब्दाचा अर्थ मळकट, करड्या रंगाची. पावसाळ्यात गढूळ होणाऱ्या या नदीला हे नाव शोभते खरे. परंतु तिच्या त्या करड्या पाण्याखाली एक झळाळते सोने दडलेले आहे. ते सोने म्हणजे तिचा पिवळा मासा.

या माशाच्या दोन जाती व्हाल आणि ऑरेंज या नद्यांत नांदतात. एक लहान तोंडाची व दुसरी मोठ्या तोंडाची. लहान तोंडाच्या माशाचे शास्त्रीय वर्णन विल्यम बर्चेल या इंग्रज प्रवाशाने १८२२ साली प्रसिद्ध केले आणि त्याला काशाच्या रंगाचा या अर्थाचे लॅटिन नाव दिले. पाठीवर हिरवट छटा, बाजूंना सोनेरी खवले, तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या आणि वेगवान प्रवाहात राहण्यास योग्य असे निमुळते, बळकट शरीर, असे त्याचे रूप असते. नदीच्या तळाशी दगडगोट्यांत दडलेले किडे, अळ्या व शेवाळ हे त्याचे अन्न. मोठ्या तोंडाच्या माशाचे नाव हिऱ्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या किंबर्ली गावावरून पडले आहे. हा बालपणी किडे खातो. पण थोडा मोठा झाला की इतर माशांची शिकार करू लागतो. त्या नद्यांतील मूळच्या खवलेदार माशांत हाच सर्वांत मोठा. बावीस किलोपेक्षा अधिक वजनाचा मासा गळाला लागल्याची नोंद आहे.

गळाने मासे धरण्याची रीत सर्वत्र जुनी आहे. गांडूळ किंवा कणकेची गोळी गळाला लावावयाची, दोरीला शिशाचा तुकडा बांधून ती पाण्यात फेकावयाची आणि वाट पाहत बसावयाचे, ही रीत कोणासही ठाऊक असते. परंतु पिवळ्या माशासाठी व्हालकाठी एक निराळी कला वापरतात. तिच्यात खरे आमिष नसतेच. कोंबड्याचे पीस, हरणाचे केस, रेशमाचा धागा अशा क्षुल्लक वस्तू बारीकशा गळावर गुंडाळून किड्याची हुबेहूब प्रतिकृती तयार करतात. तिला ‘माशी’ असे म्हणतात. ही कला आजची नव्हे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनिया देशातील लोक गळाला तांबडी लोकर व कोंबड्याची पिसे बांधून मासे धरत असल्याचे लिहून ठेवले आहे.

आता प्रश्न असा की, पिसासारखी हलकी माशी दूरवर फेकावयाची कशी? पीस हाताने फेकले तर ते समोर न जाता तेथेच तरंगत खाली पडते. यावर माणसाने एक सुंदर युक्ती शोधली. त्याने वजन गळाला न देता दोरीला दिले. ही दोरी चांगली जाड व जड असते. सुमारे तीन मीटर लांबीच्या लवचीक काठीने ती डोक्यावरून मागे आणि पुढे झुलविली की काठी धनुष्यासारखी वाकते, दोरी हवेत लांबच लांब उलगडत जाते आणि तिच्या टोकाला नायलॉनच्या तलम धाग्याने बांधलेली माशी अलगद पाण्यावर उतरते. येथे बळाचा उपयोग नाही. जो जोर लावतो त्याची दोरी त्याच्याच पायांत गुंतते. दोरी पाठीमागे पुरती उलगडेपर्यंत क्षणभर थांबणे, हेच या कलेचे मर्म आहे.

परंतु हात तयार झाला म्हणजे मासा मिळाला असे नाही. त्याकरिता नदी वाचावी लागते. व्हाल नदीच्या काठी पॅरिस नावाचे एक गाव आहे. फ्रान्सच्या राजधानीचेच नाव त्यास दिलेले आहे. या भागात सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी आकाशातून एक प्रचंड अशनी कोसळला आणि भूमीवर महाविवर निर्माण झाले. त्याच्या झिजलेल्या अवशेषांना व्रेडेफोर्टचा घुमट असे म्हणतात. २००५ साली त्यास जागतिक वारशाचा मान मिळाला. या पुरातन खडकांच्या प्रदेशातून वाहताना नदीचे पात्र अनेक प्रवाहांत विभागते. मध्ये झाडीने भरलेली बेटे, बेटांमधून खळाळणारे उथळ पाणी आणि खळाळाखाली संथ डोह, असा तेथील देखावा असतो.

पहाटे येथे आलेला जाणता मनुष्य लगेच गळ टाकीत नाही. तो गुडघाभर पाण्यात उतरतो आणि तळाचा एक दगड उचलून उलटा करतो. त्या ओल्या दगडाखाली एक वेगळेच जग त्याच्या दृष्टीस पडते. कोठे कोळ्यासारखे जाळे विणून वाहत्या पाण्यातील अन्न गाळून घेणाऱ्या अळ्या असतात, तर कोठे पुढे पंख फुटून एखादाच दिवस उडणाऱ्या कीटकांची चपटी पिले दगडाला चिकटून बसलेली असतात. त्यांचा रंग कोणता, आकार केवढा, हे तो निरखून पाहतो. दगड होता तसा ठेवतो. आणि मग आपल्या पेटीतून त्या अळीसारखी माशी निवडतो. तिच्यात एक जड मणी ओवलेला असतो. त्यायोगे ती तळापर्यंत बुडते. कारण पिवळा मासा बहुतेक वेळा तळाशीच चरतो.

मग तो प्रवाहाच्या वरच्या अंगाला माशी टाकतो आणि काठी उंच धरून पाण्याच्या गतीने तिला खाली वाहू देतो. पाण्याखाली काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. त्याची नजर दोरीच्या टोकावर खिळलेली असते. वाहता वाहता ती दोरी निमिषमात्र थबकली, तर तो केवळ दगडाचा अडथळा असेल किंवा माशाने घेतलेला घासही असेल. विचार करण्यास वेळ नसतो; मनगट उचलावे लागते. आणि मग एकाएकी ती थबकलेली दोरी सजीव होते. पिवळा मासा प्रवाहाचा आधार घेऊन खालच्या डोहाकडे धाव घेतो, फिरकी गरगर फिरू लागते आणि काठीचे टोक पाण्याकडे वाकते. त्याला ओढून आणता येत नाही. त्याच्या मागून दगडगोट्यांवरून ठेचकाळत जावे लागते.

अखेर मासा दमतो आणि हातजाळ्यात येतो. सकाळच्या उन्हात त्याचे खवले पितळेच्या भांड्यासारखे लखलखतात. एवढे श्रम करून मिळविलेला तो मासा घेऊन मनुष्य आता घरी जाईल, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु घडते ते निराळेच. तो प्रथम आपला हात पाण्यात भिजवितो. कारण माशाच्या अंगावर एक बुळबुळीत आवरण असते, ते कोरड्या हाताने पुसले गेले तर त्यास रोग जडतो. त्याच्या गळाचा उलटा काटा आधीच चेपून टाकलेला असतो, त्यामुळे तो सहज सुटतो. मग मासा पाण्याबाहेर न काढता, त्याचे तोंड प्रवाहाकडे करून तो त्यास हळुवार धरून ठेवतो. कल्ल्यांतून ताजे पाणी वाहू लागते, शेपटीत बळ येते, आणि एका हिसड्यासरशी मासा दिसेनासा होतो. मनुष्य रिकाम्या हाताने उभा राहतो. पण त्याचा चेहरा रिकाम्या हाताने परतणाऱ्याचा नसतो.

या वागण्यामागे केवळ दयाबुद्धी नाही. त्यामागे हिशेब आहे. मोठ्या तोंडाचा पिवळा मासा फार सावकाश वाढतो. नर सुमारे सहा वर्षांनी व मादी सुमारे आठ वर्षांनी प्रजननक्षम होते. म्हणजे आज अंड्यातून बाहेर पडलेले मादीचे पिल्लू, एखादे मूल पहिल्या इयत्तेतून नवव्या इयत्तेत जाईपर्यंत, एकदाही अंडी घालू शकत नाही. अशी मादी घटकाभराच्या हौसेपायी मारली, तर आठ वर्षांत नदीने जे घडविले ते एका दुपारी नाहीसे होते. जातीतील मोठे मासेच आधी मारले जातात, आणि अंडीही त्याच मोठ्या माद्या अधिक घालतात. म्हणून तेथील जाणत्या लोकांनी पिवळा मासा धरून सोडून देण्याचा नेम स्वतःस घालून घेतला.

हा मान पिवळ्या माशास पूर्वीपासून मिळत होता असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ब्रिटिश वसाहतवाल्यांनी आपल्या मायदेशातील ट्राउट माशांची अंडी जहाजाने आणून तेथील डोंगरी ओढ्यांत त्यांची पैदास केली. माशीने धरावयाचा मासा म्हणजे ट्राउट, असा त्यांचा समज होता. दाराशी वाहणाऱ्या नदीतील पिवळा मासा त्यांना हलका व अडाणी वाटे. ‘पिकते तेथे विकत नाही’ ही म्हण सर्व देशांना सारखीच लागू पडते! हळूहळू लोकांचे डोळे उघडले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याच नदीचा हा पुत्र किती चतुर व किती बलवान आहे, हे त्यांच्या ध्यानी आले.

परक्या माशांनी केलेली हानी केवळ मानापुरती राहिली नाही. केप प्रांतातील सीडरबर्ग पर्वतात रोंडेगॅट नावाची एक छोटी नदी आहे. तेथे पिवळ्या माशाची आणखी एक जात राहते. त्या भागात शिकारीच्या हौसेसाठी अमेरिकेतील बास नावाचा मांसाहारी मासा सोडण्यात आला होता. तो रोंडेगॅटमध्ये शिरला आणि देशी माशांची पिले खाऊ लागला. एका धबधब्यापर्यंत त्याने नदी व्यापली. धबधबा त्यास चढता आला नाही, म्हणून वरच्या भागात देशी मासे तगून राहिले. अखेर २०१२ व २०१३ साली तेथील निसर्गसंरक्षण खात्याने, शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली, धबधब्यापासून खालच्या बंधाऱ्यापर्यंत सुमारे चार किलोमीटर पात्रात वनस्पतिजन्य औषध सोडून बास माशाचे निर्मूलन केले. त्यानंतर वरच्या भागातील देशी मासे आपण होऊन खाली उतरले आणि ते पात्र पुन्हा गजबजले. माणसाने केलेली चूक माणसालाच सुधारता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

व्हालवरील संकट मात्र याहून कठीण आहे. त्या देशातील वसंत ऋतू सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. उन्हाळी पावसाच्या पहिल्या सरींनी नदीला पाणी चढले की लहान तोंडाचे पिवळे मासे झुंडीने खळाळाकडे निघतात आणि स्वच्छ, बारीक गोट्यांच्या तळावर अंडी घालतात. मोठ्या तोंडाचे मासे त्यानंतर, ऐन उन्हाळ्यात, तसल्याच जागा शोधतात. अंडी गोट्यांच्या फटींत रुजतात आणि वाहत्या पाण्यातील प्राणवायूवर जगतात. फटी गाळाने बुजल्या किंवा पाण्यातील प्राणवायू संपला, की अंडी गुदमरतात. म्हणजे हा मासा राहणार की जाणार, हे गळापेक्षा त्या गोट्यांवर अधिक अवलंबून आहे.

आणि व्हाल तर फार राबणारी नदी आहे. जोहान्सबर्ग आणि त्याभोवतीच्या औद्योगिक प्रदेशाची तहान ती भागविते. तिच्यावरील मोठे धरण १९३८ साली पुरे झाले. त्या प्रदेशात गावे वाढली, कारखाने वाढले. परंतु सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रे वेळच्या वेळी दुरुस्त झाली नाहीत. ती बंद पडत गेली आणि मैला थेट नदीत जाऊ लागला. २०१८ साली प्रकरण इतके विकोपास गेले की, सरकारने मदतीसाठी सैनिक धाडले. त्या देशाच्या मानवी हक्क आयोगाने चौकशी करून २०२१ साली आपला अहवाल दिला. नदीचे पाणी मर्यादेबाहेर दूषित झाले आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. मेलेले मासे पाण्यावर तरंगताना काठावरच्या लोकांनी पाहिले. दगड उलटा करून पाहण्याची सवय असलेल्यांना तर त्याही आधी इशारा मिळतो. कारण पाणी नासू लागले की दगडाखालचे नाजूक कीटक सर्वांत आधी नाहीसे होतात.

येथे त्या सोडून दिलेल्या माशाची गोष्ट पुरी होते. ज्याने मासा सोडला त्याने आपले कर्तव्य केले, पण निम्मेच. हातातून सुटलेला मासा कोणत्या पाण्यात गेला, हा प्रश्न शिल्लक राहतो. पाणी नासलेले असेल, तर माशास जीवदान देण्याला काही अर्थ उरत नाही. हे ओळखूनच पिवळ्या माशांवर प्रेम करणाऱ्या कित्येकांनी काठी बाजूस ठेवून पाण्याचे नमुने तपासण्यास, तक्रारी नोंदविण्यास आणि नदीकाठचे शेतकरी, शास्त्रज्ञ व अधिकारी यांना एकत्र आणण्यास आरंभ केला. खेळाची आवड अशा रीतीने नदीच्या राखणदारीत पालटली.

हे सारे दूरच्या देशातील आहे, असे समजण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या नद्यांत आढळणारा महासीर मासा हा या पिवळ्या माशाचा चुलतभाऊच होय; शास्त्रज्ञ या दोघांना एकाच उपकुळात गणतात. इंद्रायणीच्या काठी देहू व आळंदी येथील डोहांतील महासीर माशांना भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या अभय दिले. तेथे गळ टाकणे हे पाप मानले गेले. व्हालकाठच्या लोकांनी हिशेबाने जे केले, ते इंद्रायणीकाठच्या लोकांनी श्रद्धेने कितीतरी आधी केले होते. परंतु गळापासून दिलेले अभय सांडपाण्यापासून माशाचे रक्षण करू शकत नाही. इंद्रायणीच्या पाण्यावर तरंगणारा पांढरा फेस हेच सांगत असतो.

नदी कशी आहे, असे नदीला विचारता येत नाही. तिच्या वतीने तिचे मासे उत्तर देतात. खळाळात सोनेरी खवल्यांची झुंड चढताना दिसली, तर नदी निरोगी आहे असे समजावे. ती दिसेनाशी झाली, तर दोष माशांचा नव्हे. काठावर राहणाऱ्यांचा आहे असे जाणावे आणि वेळेवर जागे व्हावे.

शब्दार्थ
अशनी – आकाशातून पृथ्वीवर पडणारा दगड
महाविवर – फार मोठा खड्डा
कल्ले – माशाचे श्वास घेण्याचे इंद्रिय
निमिषमात्र – डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ
विकोपास जाणे – पराकोटीस जाणे
अभय – भीतीपासून मुक्तता, संरक्षणाचे वचन

स्वाध्याय
१. पुढील प्रश्नांची उत्तरे थोडक्यात लिहा :
(अ) ऑरेंज नदीला ते नाव कसे मिळाले?
(आ) हलकी माशी दूरवर फेकण्यासाठी कोणती युक्ती वापरतात?
(इ) जाणता मनुष्य गळ टाकण्यापूर्वी दगड उलटा करून का पाहतो?
२. मोठ्या तोंडाचा पिवळा मासा सोडून देण्यामागे ‘हिशेब’ कोणता, ते सविस्तर लिहा.
३. ‘ज्याने मासा सोडला त्याने आपले कर्तव्य केले, पण निम्मेच.’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
४. व्हालकाठचे लोक आणि इंद्रायणीकाठचे लोक यांच्या वागण्यात साम्य कोणते व भेद कोणता?
५. ‘पिकते तेथे विकत नाही’ ही म्हण पाठात कोणत्या प्रसंगी आली आहे? अशीच दुसरी एखादी घटना तुमच्या पाहण्यातील सांगा.
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : डोळे उघडणे, नजर खिळणे, तगून राहणे, ध्यानी येणे.
७. तुमच्या गावाजवळील नदी, ओढा किंवा तलाव पाहून या. त्याच्या पाण्यात कोणते मासे व कीटक आढळतात, याची गावातील वडीलधाऱ्यांकडून माहिती घ्या. त्यांच्या लहानपणी कोणते मासे होते तेही विचारा आणि त्यावर दहा-पंधरा ओळी लिहा.